भाई साळवींची साक्षीदार

कोर्टात शिरण्याआधी भाई साळवी अर्धी ओढलेली सिगारेट विझवायचे आणि ती पक्षकाराच्या हातात द्यायचे. "धर. आलो." पक्षकार कोणीही असो, बागायतदार, शाळामास्तर, मुंबईहून जमिनीच्या वाटपासाठी आलेला सुटाबुटातला माणूस, तो ती विझलेली सिगारेट तळहातावर घेऊन व्हरांड्यात उभा राहायचा. खिशात घालायची नाही, खाली ठेवायची नाही. काम आटोपून भाई बाहेर आले की हात पुढे करायचे, सिगारेट घ्यायचे, पेटवायचे आणि मग निकाल काय झाला ते सांगायचे. मी एकदा विचारलं, "भाई, ही कसली पद्धत?" तर म्हणाले, "माणूस अर्धा तास माझं उष्टं धरून उभा राहिला की त्याला कळतं, आपण कोणाकडे आलोय."

रत्नागिरीच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. मी मालगुंडची, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी माझं नावच मालगुंड ठेवलं. "काय गो मालगुंड, जेवलीस?" एवढी एक विचारपूस रोज असायची. बाकी दिवसभर चुका काढणं. पण शिकवत ते जीव लावून. कोर्ट सुटलं की रिकाम्या खोलीत मला शेवटच्या भिंतीशी उभं करायचे, स्वतः पुढच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "बोल. तिथनं मला ऐकू आलं पाहिजे, आणि ओरडल्यासारखं वाटता कामा नये." ते स्वतः कधी ओरडत नसत. सावज टप्प्यात येईल तसा त्यांचा आवाज खाली जायचा.

अंगानं ते अवाढव्य होते. बाररूममध्ये त्यांच्यासाठी बिनहाताची वेगळी खुर्ची होती, कारण हाताच्या खुर्चीत ते एकदा अडकले होते आणि दोघांनी ओढून काढलं होतं. ते दारातून आत आले की मागं कोणीतरी पुटपुटायचं, "लागली साळव्यांची लाँच धक्क्याला." भाईंच्या कानावर ते जायचं. ते बोलणाऱ्याकडे बघायचे नाहीत. पुढच्या कुठल्या तरी तारखेला तो वकील समोर आला की त्याच्या पक्षकाराची साल काढायचे.

त्यांची एक उलटतपासणी मी विसरू शकत नाही. नाटे गावचा एक म्हातारा होता, बांधावरून भांडण, आणि शेजाऱ्यानं आपल्या अंगणातून 'कोयता घालीन' अशी धमकी दिलेली आपण ऐकली असं त्याचं म्हणणं. भाई शेजाऱ्याचे वकील. त्यांनी म्हाताऱ्याला गाव विचारलं, नाव विचारलं, किती मुलगे विचारलं. म्हातारा खुशीत उत्तरं देत होता. प्रत्येक प्रश्नाला भाईंचा आवाज थोडा उतरत होता. म्हातारा ओठांकडे बघून अंदाजानं मान हलवायला लागला. मग भाईंनी हातातला कागद तोंडापुढे धरला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आजोबा, तुमची बायको जिवंत आहे?"

"होय, होय साहेब," म्हातारा म्हणाला.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तसा दाखलाच कागदपत्रात होता. मागं बसलेल्या मुलानं खाली मान घातली. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. अंगणापलीकडची धमकी तिथेच संपली. बाहेर मुलानं बापाच्या कानाशी तोंड नेऊन त्याला काय विचारलं होतं ते सांगितलं, तेव्हा म्हातारा पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

मी भाईंना म्हटलं, "आजची तारीख विचारली असतीत तरी चाललं असतं."

सिगारेट पेटवत ते म्हणाले, "तारीख चुकली तर विसरला म्हणतात. बायको कोण विसरत नाय."

आपल्या साक्षीदारांना मात्र ते एकच धडा द्यायचे. "विचारलं तेवढंच सांगायचं. ज्यादा शहाणपणा करायचा नाय. विचारलं नसेल तर घर जळत असलं तरी बोलायचं नाय." पोरांना पाढे घोकवावेत तसा हा धडा ते घोकून घ्यायचे.

माळनाक्यावरच्या त्यांच्या घरात पुढची खोली म्हणजे संध्याकाळचं ऑफिस. तिथे मी, गुरव नावाचे त्यांचे जुने कारकून आणि वाट बघणारे पक्षकार. आत वहिनी. सुनंदावहिनी बारीक चणीच्या, बोलायला कमी. लग्नाआधी त्या शाळेत शिकवायच्या, हे मला फार उशिरा कळलं. भाई त्यांना पक्षकारांसमोर हाक मारायचे आणि चहा बेचव झाला असेल तर तसं पक्षकारांसमोरच सांगायचे. मुलगी बंगळूरला होती. तिचा फोन आला तर वहिनी मागच्या दारी जाऊन बोलायच्या.

मग एकदा आमच्याकडे नवीन न्यायाधीश आल्या. तरुण होत्या, सोलापूरकडच्या, स्वभावानं मृदू. भाईंचा एका अपिलात युक्तिवाद चालला होता. त्यांचे गुडघे आदल्या वर्षापासूनच गेले होते, श्वास पुरत नव्हता, दर दोन वाक्यांनी ते टेबलाला धरत होते. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, आपण बसून बोललात तरी चालेल."

बाई मनापासून बोलल्या होत्या. कोर्टात कोणी हसलं नाही. विरोधी वकिलानं तर स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवली. भाई त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग उभ्यानंच युक्तिवाद पुरा केला. तो इतका तुटक आणि घाईचा झाला की मलाच ऐकवेना. अपील गेलं. बाहेर येऊन पक्षकाराच्या हातातली सिगारेट घ्यायलाही ते विसरले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "बसून मागतात ती भीक. मला तो कोल्हापूरचा डॉक्टर बघून दे."

कोल्हापूरला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर होते. आम्ही आंबा घाटातून गेलो, गाडी मी चालवत होते, वहिनी मागे. डॉक्टर शिडशिडीत, चाळिशीचे, बोलणं मोजकं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराची पिशवी लहान करायची, खालचं आतडं वर आणून तिला जोडायचं. "हा सांधा," पेनानं ठिपका देत ते म्हणाले, "हा जुळला पाहिजे. सिगारेट ओढणाऱ्याचा जुळत नाही, जुळला तर तिथे जखम होते, जखम फुटली तर माणूस हाती लागत नाही. आधी तीन महिने बंद. नंतर कायमची."

"एखादी?" भाईंनी विचारलं.

"एखादी चालणार असती तर मी एखादी म्हटलं असतं."

भाई खूश झाले. परतताना म्हणाले, "चांगला साक्षीदार आहे. हलत नाय."

आणि त्यांनी सिगारेट सोडली. पहिले काही आठवडे खरोखर सोडली, याबद्दल मला आजही शंका नाही, कारण एवढा छळ नाटक करून होत नाही.  बडीशेपेच्या पुड्या, लवंगा, आवळकाठी, सगळं तोंडात, आणि तरी तोंड रिकामं. सही करताना पेन कागदातून आरपार जायचं. झोप उडाली. आणि जीभ जी पूर्वी कामापुरती बाहेर यायची, ती आता दिवसभर बाहेर राहायला लागली.

गुरवांची मुलगी लग्नाची होती. दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. गुरव तिला दाखवण्यासाठी संगमेश्वरला जायला रजा मागायला आले. भाईंनी मान वर न करता विचारलं, "दाखवायला तू बरोबर जातोस?"

"होय भाई. मी नाय तर कोण?"

"म्हणून मोडतं. तुझं थोबाड बघितल्यावर लोक म्हणत असतील, हिची पोरं अशी निघाली तर."

खोलीत तीन-चार पक्षकार होते. गुरव तसेच उभे राहिले. मग त्यांनी कपाटाची किल्ली कमरेची सोडली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले. बावीस वर्षं सोबत असलेला माणूस गेला. भाई म्हणाले, "उद्या येईल." गुरव परत आले नाहीत. माझ्याही वाट्याला त्या दिवसांत जे आलं ते इथे लिहीत नाही.

वहिनींसाठी त्यांनी वेगळीच रीत काढली. रोज संध्याकाळी, ऑफिस भरलेलं असताना, आत हाक जायची, "अगो, ये. तपासणी." वहिनी पदराला हात पुसत यायच्या. भाई उजवा हात पुढे करायचे. वहिनी वाकून बोटं हुंगायच्या, मग तोंडाजवळ जाऊन हुंगायच्या, आणि सांगायच्या, "नाही." भाई पक्षकारांकडे बघून म्हणायचे, "सरकारी तपासनीस आहे आमची." लोक हसायचे. हसण्यावाचून गत्यंतर नसायचं. वहिनी आत जायच्या.

महिना झाला असेल. एका संध्याकाळी वहिनी वाकल्या, बोटं हुंगली आणि म्हणाल्या, "येतोय."

भाईंनी हात मागे घेतला. "काय येतोय?"

"वास."

"कसला?"

"सिगारेटचा."

खोलीत एक बागायतदार होता, त्याची म्हातारी आई होती, मी होते. भाईंनी खुर्ची वहिनींकडे वळवली. आणि मला कळलं की आता काय होणार आहे, कारण त्यांचा आवाज उतरला.

"इकडे येण्याआधी तू काय करत होतीस?"

"बांगडे साफ करत होते."

"हात धुतलेस?"

"हो."

"कशानं?"

"साबणानं. मग लिंबू लावलं."

"म्हणजे तुझ्या नाकात बांगडा, साबण आणि लिंबू. त्यातनं तू सिगारेट वेगळी काढलीस."

"हो."

"गेल्या आठवड्यात दूध करपलं. तू कुठे होतीस?"

"देवापुढे."

"घरातच. वास आला?"

वहिनींनी आतल्या दाराकडे बघितलं.

"आला की नाय? विचारलं तेवढं सांग."

"नाही आला."

"कोणाला आला?"

"शेजारच्या मावशींना."

"म्हणजे गडग्यापलीकडच्या बाईला आला, आणि तुला स्वतःच्या घरात आला नाय. होय की नाय?"

"होय."

बागायतदार उठायला लागला. भाईंनी त्याला हातानं बसवलं. "बसा. दोन मिनिटांचं काम आहे." मग वहिनींना विचारलं, "तुझ्या आईला शेवटी शेवटी काय झालं होतं?"

वहिनींनी प्रथमच मान वर केली. "तिचं कशाला काढता?"

"तिला आपण काय खातो ते कळत नव्हतं. साबण खाल्लान एकदा. तूच सांगितलंस मला, रडत. वास गेला होता तिचा आधी. वास गेला, मग डोकं गेलं. डॉक्टरनं तसंच सांगितलं होतं ना?"

"होय."

"मग तुला आता दूध करपलेलं कळत नाय, आणि माझ्या बोटांना नसलेला वास येतो. मी काय समजू?"

वहिनी उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. भाई वाट बघत राहिले. असं वाट बघणं हे त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं.

"मला वास येत नाही," वहिनी म्हणाल्या.

"मागं ऐकू गेलं पाहिजे."

"मला वास येत नाही."

"जा." आणि बागायतदाराकडे वळून, "हां, बोला. जमिनीची खातेफोड कधी झाली?"

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मलाही भाईंचंच पटलं. घरी जाताना मी विचार करत होते की वहिनींना एकदा कोणाला तरी दाखवायला हवं. भाईंचं काम असंच असायचं. ऐकणाऱ्याला आपण पटवले गेलोय हेसुद्धा कळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून हाक मारावी लागली नाही. दिवेलागणीला वहिनी आपण होऊन दारात यायच्या, वाकायच्या नाहीत, बोटांकडे बघायच्याही नाहीत. "मला वास येत नाही," म्हणायच्या आणि आत जायच्या. भाईंना त्यात गंमत वाटायची. पुढे पुढे तर ते वरही बघत नसत.

शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. भरती झाल्यावर रक्ताची, लघवीची तपासणी झाली. डॉक्टर कागद घेऊन खोलीत आले. "तंबाखूची चाचणी स्वच्छ आहे. पण ती फक्त मागच्या आठवड्यापुरतं सांगते. त्याच्या आधीचं मला तुम्ही सांगायचं. तीन महिन्यांत ओढलीत?"

भाई पलंगावर बसले होते, हिरव्या झग्यात, पाठीमागची नाडी पुरत नव्हती म्हणून वर चादर घेतलेली. त्या अवस्थेतही त्यांचा रुबाब कमी नव्हता. म्हणाले, "डॉक्टर, आरोपीला कशाला विचारता? साक्षीदाराला विचारा. ही रोज माझी बोटं हुंगते. विचारा हिला, वास येतो का."

डॉक्टर हसले आणि वहिनींकडे वळले. "काय वहिनी? येतो वास?"

वहिनी खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी भाईंकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या.

"झालं?" भाई म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली.

ती चांगली झाली. भाई परतले ते निम्म्या आवाजाचे, पण डोळे चमकत होते. आठवड्यागणिक कमी होत गेले. पँट पट्ट्यानं आवळून घालायचे, मग पट्टाही पुरेना, मग शिंप्याला घरी बोलावलं. नवा कोट शिवला. दिवाळीनंतर कोर्टात आले तेव्हा व्हरांड्यातल्या लोकांनी वळून बघितलं. त्याच न्यायाधीश बाईंपुढे ते पाऊण तास उभे राहिले, टेबलाला हात न लावता. बाईंनी निकाल राखून ठेवला, पण उठताना म्हणाल्या, "आपली तब्येत छान झाली आहे." भाईंनी वाकून नमस्कार केला. त्या दिवशी बाररूममध्ये त्यांनी आपली बिनहाताची खुर्ची उचलून बाहेर ठेवायला लावली. एक जाडजूड तरुण वकील कोपऱ्यात वडापाव खात होता. भाई त्याला म्हणाले, "ती तुला लागेल. घेऊन जा."

त्यांनी सुखी असावं असे ते दोन-तीन महिने होते, आणि ते सुखी होतेही. सुखात त्यांची जीभ सौम्य होईल असं मला वाटलं होतं. ती झाली नाही.

फेब्रुवारीत, एका साध्या मुदतवाढीच्या अर्जावर बोलता बोलता त्यांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, कागद शोधतायत. मग ते खाली बसले. खुर्चीत नव्हे, जमिनीवर, पाय दुमडून, पोटाशी दोन्ही हात. तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. न्यायाधीश बाई व्यासपीठावरून उतरून आल्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावून बघितलं, फळीसारखं कडक झालं होतं. त्यांनी तसंच कोल्हापूरला पाठवलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर भाई ओरडत होते. वहिनी शेजारी बसून त्यांचं डोकं धरत होत्या.

सांधा फुटला होता. पोट पुन्हा उघडलं, धुतलं, नळ्या घातल्या. काही दिवस श्वास यंत्रावर होता. जगतील असं कोणी म्हणत नव्हतं. मुलगी बंगळूरहून आली. भाई जगले. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर पलंगाशी उभे राहिले. चिडलेले दिसत होते, पण आवाज चढवला नाही. "आत जखम कशानं झाली ते मला माहीत आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

भाईंच्या घशात नळी होऊन गेली होती. आवाज किसणीवर घासल्यासारखा आला. "ओढत होतो. पहिला महिना सोडली. मग सकाळी भाट्याच्या सुरूबनात जायचो, फिरायला म्हणून. तिथे दोन. तपासणीच्या आधी दहा दिवस बंद केली. घरी आल्यावर पुन्हा."

"मी त्या दिवशी विचारलं होतं."

भाईंनी मान वळवली. वहिनी त्याच स्टुलावर बसून चादरीची घडी घालत होत्या. घडी पुरी करून त्यांनी ती पायथ्याशी ठेवली.  डॉक्टर निघून गेले.

दुपारी मी आणि वहिनी खालच्या मजल्यावर गरम पाणी भरायला गेलो. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"शर्ट भिजवायच्या आधी मी खिसे उलटे करते," त्या म्हणाल्या. "शिवणीत तंबाखूचा भुसा असायचा. रोज."

"मग डॉक्टरांना..."

"डॉक्टरांनी वासाचं विचारलं गो. खिशाचं कोणी विचारलं नाही."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, उलटा करून गळत नाही ना ते बघितलं आणि जिन्याकडे निघाल्या. मी त्यांच्या मागून चढत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी इतकं ताठ चालताना बघितलं नव्हतं.

पुढचं सगळं हळूहळू झालं. आणखी एक शस्त्रक्रिया, मग वर्षभर औषधं. वजन जिथे थांबायचं तिथे थांबलं नाही, उतरतच गेलं. गालांची कातडी लोंबायला लागली, दात हलायला लागले. आवाज परत आला नाही. पक्षकार आधी भेटायला यायचे, मग फोन करायचे, मग कागद परत मागायचे. बरेच माझ्याकडे आले, काही त्या कोपऱ्यातल्या तरुण वकिलाकडे गेले. सिगारेटची इच्छा मात्र पार मेली होती. "आता कोण समोर ओढत असला तरी काय वाटत नाय," ते एकदा म्हणाले. "मला शिक्षा अशी झाली बघ. सोडायचं होतं तेव्हा सुटली नाय, आणि सुटली तेव्हा उपयोग नाय."

त्याच भेटीत त्यांनी मला जवळ बोलावलं. वहिनी मागच्या अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. भाई कुजबुजले, आता त्यांचं बोलणं म्हणजे कुजबुजच होती. "मालगुंड, वकील म्हणून सांग. तिनं मुद्दाम केलंन?"

"मला नाही सांगता येणार, भाई."

"उद्देश सिद्ध होतो का?"

मी विचार केला. "नाही होत."

"नाय होत," ते म्हणाले. "साक्षीदारानं विचारलं त्याचं उत्तर दिलंन. प्रश्न माझा होता." थोडा वेळ छताकडे बघून म्हणाले, "मी तिला कधी विचारलं नाय. आणि विचारणार पण नाय. खरं सांगितलंन तर काय करू?"

मी त्यांना शेवटचं बघितलं ते यंदाच्या एप्रिलमध्ये. राहिलेल्या दोन प्रकरणांच्या कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून दुपारी गेले. जेवणाची वेळ होती. "जेव गो," वहिनी म्हणाल्या. मी जेवून आले होते, म्हणून टेबलाच्या एका बाजूला कागद घेऊन बसले.

भाईंपुढे एक वाटी होती. मऊ भाताची पेज, त्यात मीठ. वहिनी चमच्यानं भरवत होत्या. चार-पाच चमचे झाले आणि भाईंनी मान हलवली. तेवढंच जायचं त्यांना, जास्त गेलं तर उलटून पडायचं. वहिनींनी त्यांचं तोंड पुसलं, वाटी उचलून आत नेली आणि आपलं ताट घेऊन आल्या.

ताटात वाफाळता भात होता, सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, तिरफळं घातलेलं कालवण, कैरीची चटणी, वाटीत सोलकढी. त्या भाईंच्या अगदी समोर बसल्या. खोलीभर तळणीचा वास पसरला. वहिनींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग सावकाश, एकेक काटा बोटांनी बाजूला काढत, कडेची कुरकुरीत कातडी आधी, मधला गर नंतर, अशा त्या जेवू लागल्या. घाई नव्हती. मध्येच सोलकढीचा घोट घ्यायच्या. माझ्याशी मालगुंडच्या आंब्याबद्दल बोलल्या, यंदा मोहर गळला का, विचारलं.

भाई बघत होते. खुर्चीत ते लहान दिसत होते, मान पुढे आलेली. त्यांची नजर ताटावरून वहिनींच्या बोटांवर, बोटांवरून तोंडावर आणि पुन्हा ताटावर जात होती.  मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलतील, निदान आपल्याला उठवून आत न्यायला सांगतील.

वहिनींच्या ताटातली शेवटची तुकडी संपली. त्यांनी बोटं चाटली.

"कढईत आहे ना आणखी?" भाईंनी विचारलं.

"आहे."

"घे एक."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि दोन तुकड्या घेऊन आल्या.